वेडीवाकडी गाठ आणि कॉलिमेटरचा कोन: रेडिएशनचा प्लॅन करताना अंश कसे ठरवावेत

गालाच्या आतून सुरू झालेली, जबड्याच्या कोपऱ्याकडे सरकलेली आणि मानेतल्या लिम्फ नोड्सपर्यंत उतरलेली गाठ. मशेरी, तंबाखू-चुना आणि गुटखा यांनी पोखरलेल्या आपल्या किनारपट्टीवर रेडिएशन विभागाला हा आकार चांगलाच ओळखीचा आहे. वर रुंद, मधे चिंचोळा, खाली पुन्हा पसरट. एका बाजूला मज्जारज्जू, दुसऱ्या बाजूला अजून चांगली असलेली लाळग्रंथी. असा पीटीव्ही (गाठ आणि तिच्याभोवतीची सुरक्षेची जागा मिळून डोस द्यायचा भाग) कुठल्याही चौकोनात किंवा वर्तुळात बसत नाही.

प्लॅनची चर्चा होते तेव्हा गॅन्ट्रीचे (रुग्णाभोवती फिरणाऱ्या यंत्राच्या हाताचे) अंश निघतात, डोस निघतो, आर्क (गॅन्ट्री फिरत असताना दिलेले बीम) किती हे निघतं. कॉलिमेटर (बीमला आकार देणारा, स्वतःभोवती फिरणारा यंत्राच्या तोंडाचा भाग) मात्र टेम्प्लेटमध्ये ३० आणि ३३० असा आधीच भरलेला असतो आणि तसाच राहतो. बहुतेक प्लॅनिंग सॉफ्टवेअर ऑप्टिमायझेशन चालू असताना लीफच्या (कॉलिमेटरमधल्या सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) जागा, गॅन्ट्रीचा वेग आणि डोस-रेट बदलतात, कॉलिमेटरच्या कोनाला हात लावत नाहीत. कोन चुकीचा दिला, तर त्या चुकीच्या कोनातून जमेल तेवढं बरं उत्तर सॉफ्टवेअर शोधून देतं. डीव्हीएच (कुठल्या भागाला किती डोस गेला याचा आलेख) ठीकठाक दिसतो आणि याहून चांगला प्लॅन शक्य होता, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

हा लेख फिजिसिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजीच्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी आहे. इथले आकडे सुरुवात म्हणून वापरा. शेवटचा शब्द तुमच्या यंत्राच्या मोजमापांचा आणि प्लॅनवर सही करणाऱ्या डॉक्टरांचा.

आधी यंत्र ओळखून घ्या

तीन गोष्टी कागदावर लिहून प्लॅनिंगच्या खोलीत लावा: लीफ किती रुंद आहे, कुठपर्यंत रुंद आहे आणि कुठल्या दिशेने धावते.

व्हेरियन कंपनीच्या मिलेनियम १२० या कॉलिमेटरमध्ये लीफच्या ६० जोड्या असतात. मधल्या ४० जोड्या आयसोसेंटरला (गॅन्ट्री ज्या बिंदूभोवती फिरते तिथे) ५ मिमी रुंद आणि दोन्ही टोकांच्या १०-१० जोड्या १० मिमी. बारीक लीफ आयसोसेंटरपासून ±१० सेंमीपर्यंतच आहेत, त्यापुढे जाड. व्हेरियनच्याच एचडी १२० मध्ये मधल्या ३२ जोड्या २.५ मिमीच्या, म्हणजे फक्त ±४ सेंमी, आणि बाकीच्या ५ मिमीच्या. एलेक्टा कंपनीच्या अ‍ॅजिलिटीत १६० लीफ, सगळ्या ५ मिमी. गालापासून हासळीच्या हाडापर्यंत २२ सेंमी लांब पीटीव्ही असेल आणि आयसोसेंटर वर गालाजवळ ठेवलं असेल, तर खालची मान मिलेनियमच्या जाड लीफमध्ये जाते. कॉलिमेटरचा कोन बघण्याआधी आयसोसेंटर लांबीच्या मध्यावर आणा. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

दुसरी मर्यादा पोहोचीची. व्हेरियनच्या यंत्रांत एकाच बाजूच्या सगळ्यात पुढे आलेल्या आणि सगळ्यात मागे असलेल्या लीफमधलं अंतर १५ सेंमीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. व्हीमॅटमध्ये (गॅन्ट्री फिरत असताना डोस देण्याच्या पद्धतीत) X जॉ (लीफ धावतात त्या दिशेची जाड झडप) १५ सेंमीहून जास्त उघडला, तर काही लीफ टार्गेटच्या पलीकडच्या काठापर्यंत पोहोचतच नाहीत. याचा उपयोग पुढे करायचा आहे.

तिसरी गोष्ट दिशेची. बहुतेक यंत्रांत कॉलिमेटर ० अंशावर असताना लीफ रुग्णाच्या अंगाला आडव्या धावतात, डावीकडून उजवीकडे. जॉची नावं आणि कोनाची मोजणी मात्र यंत्रागणिक बदलते, म्हणून एकदा डोळ्यांनी खात्री करा. 'फ' सारखा, कुठूनही सममित नसलेला एक आकार एमएलसीने (लीफच्या जोड्यांनी) बनवा. गॅन्ट्री ० वर ठेवा, कोचवर (रुग्णाच्या टेबलावर) आलेख कागद पसरा, लाइट फील्ड लावा आणि कॉलिमेटर ०, ३०, ९०, ३३० असा फिरवत प्रत्येक वेळी कागदावर कडा आखून घ्या. मग प्लॅनिंगमधल्या बीम्स आय व्ह्यूचं (बीमच्या जागेवरून दिसणाऱ्या दृश्याचं) चित्र शेजारी धरा. ३० आणि ३३० यांची अदलाबदल किंवा आरशासारखं उलटं चित्र इथेच पकडलं जातं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि नवीन माणूस रुजू झाला की त्याच्याकडून पुन्हा करून घ्यावं.

सीटी आणि कंटूर

कोन कितीही नेमका काढला तरी खालचा आकार चुकीचा असेल तर उपयोग नाही. मान-तोंडासाठी २.५ ते ३ मिमीचे स्लाइस घ्या. सबम्युकस फायब्रोसिसमुळे ज्यांचं तोंड बोटभरही उघडत नाही, त्यांना तयार बाइट ब्लॉक बसत नाही. सिरिंजचा तुकडा गुळगुळीत करून किंवा डेंटल वॅक्सचा छोटा ठोकळा करून, जेवढं उघडतंय तेवढ्यातच तो रोज त्याच जागी बसेल असं बघा. खांद्यांकडे लक्ष द्या. "काका, खांदे पायाकडे सोडा, अजून थोडे," असं सांगून मगच मास्क आवळा. खांदे वर राहिले की खालच्या मानेसाठी चांगले असलेले कितीतरी गॅन्ट्री कोन हातातून जातात.

जबड्यावर टायटॅनियमची पट्टी असेल किंवा दातांत धातू असेल, तर सीटीवरचे पांढरे-काळे पट्टे ओळखून त्या भागाला योग्य एचयू (सीटीवरची घनतेची संख्या) द्या. पीटीव्ही त्वचेपासून ३ ते ५ मिमी आत घ्या. त्वचा खरोखर टार्गेटमध्ये असेल तर मात्र बोलस (त्वचेवर ठेवायचा मऊ थर) लावा आणि पीटीव्ही तसाच ठेवा.

एक बारीक गोष्ट बहुतेकदा निसटते. मार्जिन देताना किंवा बूलियन (आकारांची बेरीज-वजाबाकी) करताना पीटीव्हीपासून सुटलेला मिलीमीटरभराचा ठिपका कुठेतरी राहतो. तो ठिपका एक पूर्ण लीफ-जोडी उघडवतो आणि कोनाचा सगळा हिशेब बिघडवतो. आकार थ्रीडीमध्ये सगळ्या बाजूंनी फिरवून बघा, सुटे तुकडे पुसा, काठ गुळगुळीत करा.

गॅन्ट्री

इथे फार वेळ घालवत नाही, कारण यावर बरंच लिहिलं-बोललं जातं. डोकं गॅन्ट्रीकडे, पाठीवर झोपलेला रुग्ण असेल तर ९० अंशाला बीम डाव्या बाजूने येतो. डाव्या गालाची एकतर्फी गाठ असेल तर ३४० पासून ० आणि ९० वरून १७९ पर्यंतचा अर्धवट आर्क बहुतेकदा पुरतो. उजवीकडून आलेला प्रत्येक बीम चांगल्या लाळग्रंथीतून आणि तोंडाच्या चांगल्या भागातून जातो. मागून तिरपे येणारे शेवटचे ३०-४० अंश मात्र कापू नका, मज्जारज्जूच्या कडेने डोस वळवायला तेच उपयोगी पडतात.

स्थिर बीमचं आयएमआरटी (प्रत्येक बीममध्ये डोस जागोजागी कमी-जास्त करण्याची पद्धत) असेल तर ५, ७ किंवा ९ बीम घ्या आणि समोरासमोरची जोडी टाळा. समोरासमोरचे बीम एकाच रेषेत डोस ओततात आणि ऑप्टिमायझरला नवीन काही देत नाहीत.

कोबाल्टवर किंवा साध्या थ्रीडी प्लॅनवर वेजची (बीमचा डोस एका बाजूला कमी करणाऱ्या पाचरीची) जोडी वापरत असाल तर जुना हिशेब अजून खरा आहे: वेजचा कोन बरोबर ९० वजा दोन बीममधल्या कोनाचा अर्धा. बीममध्ये १२० अंश असतील तर ३० ची वेज, ९० असतील तर ४५ ची. पण वेज लावली की कॉलिमेटर मोकळा राहत नाही. एन्हान्स्ड डायनॅमिक वेज Y जॉवर चालते, त्यामुळे कॉलिमेटर फिरला की वेजची उतरंडही फिरते. अशा वेळी आधी वेजची दिशा, मग आकार.

कॉलिमेटर: पहिला नियम

लीफचं टोक सरळ असतं आणि गाठीचा काठ तिरका. म्हणून काठावर जांभ्याच्या पाखाडीसारख्या पायऱ्या पडतात. पीटीव्ही कुठेही झाकला जाऊ नये म्हणून प्रत्येक लीफ पूर्ण बाहेर ठेवली, तर प्रत्येक पायरीत एक छोटा त्रिकोण विनाकारण उघडा राहतो. त्या त्रिकोणाची एक बाजू लीफच्या रुंदीएवढी आणि दुसरी त्या रुंदीत काठ जितका सरकला तितकी. सगळे त्रिकोण मिळवले की फुगीर, खाच नसलेल्या आकारासाठी उत्तर फार सोपं येतं:

जादा उघडं क्षेत्र ≈ लीफची रुंदी × लीफ धावतात त्या दिशेतली गाठीची रुंदी.

बीम्स आय व्ह्यूमध्ये १२ सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद लंबगोल दिसतोय असं धरा. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ४७ चौ. सेंमी. लीफ ५ मिमीच्या.

लीफ आखूड बाजूने धावल्या तर जादा क्षेत्र ०.५ × ५ = २.५ चौ. सेंमी, म्हणजे साधारण ५ टक्के.

लीफ ४५ अंशांनी तिरक्या धावल्या तर त्या दिशेतली रुंदी ९.२ सेंमी, जादा क्षेत्र ४.६ चौ. सेंमी, जवळपास १० टक्के.

लीफ लांब बाजूने धावल्या तर ०.५ × १२ = ६ चौ. सेंमी, म्हणजे जवळपास १३ टक्के.

गाठ तीच, यंत्र तेच, फक्त कोन बदलला, आणि चांगल्या पेशींवर पडणारा जादा भाग दुपटीहून अधिक झाला. लीफ १० मिमीच्या असतील तर हे सगळे आकडे दुप्पट करा. जाड लीफच्या यंत्रावर काम करणाऱ्यांनी कोनाची जास्त काळजी घ्यायला हवी, ती यामुळेच. पेनम्ब्रासाठी (बीमच्या काठावरच्या धूसर पट्ट्यासाठी) काठाबाहेर ठेवायची ५ ते ७ मिमीची जागा यात धरलेली नाही, ती सगळ्या कोनांना सारखीच लागते.

लीफ गाठीच्या आखूड बाजूला समांतर धावाव्यात, हे तत्त्व स्वीडिश फिजिसिस्ट अँडर्स ब्राह्मे यांनी १९८८ मध्येच मांडलं होतं. तरी ते हाताने तपासून बघायची सवय कमीच दिसते. तपासायचं असं: बीम्स आय व्ह्यू उघडा, कॉलिमेटर ० पासून ५-५ अंशांनी १७५ पर्यंत फिरवा आणि प्रत्येक वेळी टार्गेटला चिकटवलेल्या X जॉची रुंदी लिहा. सगळ्यात लहान X जिथे येईल तो पहिल्या नियमाचा कोन. १८० च्या पुढे जायची गरज नाही, आकार तोच परत येतो.

आता सावध राहायची जागा. काही सॉफ्टवेअरमध्ये कॉलिमेटर आपोआप बसवणारं बटण असतं, आणि ते जॉचा चौकोन सगळ्यात लहान कुठे होतो ते शोधतं. पण चौकोनाचं क्षेत्रफळ एका कोनाला जेवढं, तेवढंच त्याच्यापेक्षा ९० अंशांनी फिरवलेल्या कोनाला असतं. वरच्या लंबगोलात १२ × ५ आणि ५ × १२ दोन्ही ६० चौ. सेंमीच. बटणाला दोन्ही उत्तरं सारखी, लीफच्या पायऱ्यांना मात्र २.५ आणि ६ चा फरक. बटण दाबल्यावर X जॉ Y पेक्षा मोठा दिसला तर थांबा आणि ९० अंश फिरवून बघा.

आणखी एक छोटी युक्ती. गाठीचं टोक शेवटच्या लीफमध्ये फक्त १-२ मिमी शिरत असेल, तर तेवढ्यासाठी पूर्ण ५ मिमीची जोडी उघडते. आयसोसेंटर लीफच्या रुंदीच्या दिशेने २ मिमी सरकवलं तर ती जोडी बंद राहू शकते. स्थिर बीमच्या लहान टार्गेटमध्ये हे करून बघण्यासारखं आहे. मोठ्या मान-तोंडाच्या व्हीमॅटमध्ये त्याने फारसा फरक पडत नाही.

दुसरा नियम: खाडीत शिरायचं तर मुखातून

पहिला नियम फुगीर आकारांना लागू. खाच असलेल्या आकारांना तो एकटा पुरत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

एका लीफ-जोडीला एका वेळी एकच फट उघडता येते. तिच्या रेषेत गाठीचे दोन तुकडे आले आणि मधे वाचवायचा अवयव आला, तर दोन्ही तुकडे उघडे आणि मधला बंद असं होऊ शकत नाही. मधला अवयव झाकायचा तर लीफने खाचेच्या उघड्या तोंडातून आत यायला हवं. होडी खाडीत मुखातूनच शिरते, डोंगर ओलांडून नाही. खाचेचं तोंड ज्या दिशेला, लीफ त्या दिशेला समांतर.

दोन्ही बाजूंच्या मानेचे नोड्स असलेला पीटीव्ही गॅन्ट्री ० वरून बघा. उलट्या 'यू' सारखा दिसतो: दोन पाय मानेच्या दोन कडांनी खाली उतरलेले, मधे स्वरयंत्र, तोंड खाली उघडं. समजा रुंदी १४ सेंमी आणि लांबी १८. पहिला नियम सांगतो, लीफ आडव्या धावू द्या, १४ लहान आहे. पण आडवी लीफ-जोडी उजवा आणि डावा पाय एकदम उघडते तेव्हा स्वरयंत्र मधे उघडंच राहतं. ऑप्टिमायझर त्यावर तोडगा काढतो: आधी एक पाय, मग फट मिटवून स्वरयंत्रावरून सरकायचं, मग दुसरा पाय. त्यात मॉनिटर युनिट (यंत्राने सोडलेल्या किरणांचं माप) वाढतात, आणि मिटलेल्या गोल टोकांच्या लीफमधून होणारी गळती नेमकी स्वरयंत्रावर पडते. कॉलिमेटर ९० केला तर खालच्या बाजूच्या लीफ दोन पायांच्या मधून वर येतात आणि स्वरयंत्र सरळ झाकतात.

दोन नियम भांडले तर दुसऱ्याचं ऐका. पायऱ्यांमुळे काठाबाहेर थोडा जादा डोस जातो, बंद न करता आलेल्या खाचेमुळे अख्खा अवयव डोसमध्ये राहतो.

पण आता पोहोचीची मर्यादा आडवी येते. ९० अंशावर X जॉला १८ सेंमी उघडायचं आहे आणि लीफची पोहोच १५. म्हणून एकच आर्क ९० वर टाकू नका. दोन आर्क १५ आणि ३४५ सारख्या कोनांवर पूर्ण लांबीसाठी ठेवा, आणि तिसरा ८५ ते ९० वर, X जॉ १५ सेंमीत बांधून, फक्त खाच असलेल्या भागासाठी. तिसऱ्या आर्कला वेळ लागतो. त्याने स्वरयंत्राचा सरासरी डोस खरंच उतरतो का ते बघा, उतरत नसेल तर काढून टाका.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये पेल्व्हिक नोड्स घेतले की असाच 'यू' समोरून दिसतो आणि मधे आतडी असतात. तिथे तोंड वर, डोक्याकडे. नियम तोच. मणक्याभोवतीच्या गाठीत 'सी' चं तोंड गॅन्ट्रीबरोबर दिशा बदलतं, ते पुढच्या भागात येतं.

आर्कमध्ये एकच कोन, आकार मात्र दर अंशाला वेगळा

स्थिर बीममध्ये प्रत्येक बीमला स्वतंत्र कॉलिमेटर देता येतो, आणि द्यावाच. सात बीमना एकच कोन हा निव्वळ आळस आहे. व्हीमॅटमध्ये मात्र नेहमीच्या यंत्रांवर पूर्ण आर्कभर कॉलिमेटर एकाच कोनावर थांबतो आणि टार्गेटची सावली फिरत राहते. तेव्हा असं करा.

आर्कवर दर २० अंशांनी थांबा. प्रत्येक थांब्यावर दोन्ही नियम लावून सगळ्यात चांगला कोन लिहा. सोबत त्या थांब्यावर खाच आहे का, आणि मधे कुठला अवयव आहे, हे एका शब्दात लिहा. उदाहरणापुरतं, एकतर्फी मानेच्या आर्कमध्ये गॅन्ट्री ० ला २०, ४० ला ३५, ८० ला ६०, १२० ला ७५ आणि १६० ला ८५ असे कोन आले. ५० चा एक कोन घेतला तर दोन्ही टोकांना ३०-३५ अंशांची चूक राहते. त्यापेक्षा आर्क ६० अंशावर तोडा: ३४० ते ६० साठी कॉलिमेटर ३० आणि ६० ते १७९ साठी ७५. आता कुठेही चूक १५-२० अंशांपेक्षा फार जास्त नाही. तोडलेल्या ठिकाणी गॅन्ट्री थांबते, कॉलिमेटर फिरतो, पुन्हा सुरू होतं. हा वेळ रुग्ण मास्कमध्ये असतो, म्हणून दोनपेक्षा जास्त तुकडे करू नका.

सरासरी काढताना एक सापळा आहे. १७५ आणि ५ हे कोन एकमेकांपासून फक्त १० अंशांवर आहेत, कारण १८० नंतर आकार परत येतो. साधी सरासरी ९० येते, म्हणजे नेमकी सगळ्यात वाईट. बरोबर उत्तर ०. अंक पट्टीवर नाही, वर्तुळावर मांडून बघा.

उत्तर ० आलं तरी व्हीमॅटमध्ये नेमका ० ठेवू नका. दोन लीफमधल्या फटीतून थोडी गळती होतेच. कॉलिमेटर ० असेल तर आर्क फिरताना ती फट रुग्णाच्या त्याच आडव्या स्लाइसमध्ये राहते आणि गळती साठत जाते. शिवाय प्रत्येक स्लाइसचा डोस पूर्ण आर्कभर त्याच एका जोडीच्या हाती राहतो. १० अंशांनी तिरपं केलं तरी गळती पसरते आणि प्रत्येक बिंदूवर वेगवेगळ्या लीफ काम करू लागतात. दुसरा आर्क परतीचा असेल तर त्याला पहिल्याहून ठळक वेगळा कोन द्या. ३० ला ३३० चांगला, ३० ला ३५ देऊन काही साधत नाही.

तुलना कशी करायची

तीन प्लॅन बनवा: टेम्प्लेटचा कोन, पहिल्या नियमाचा कोन, आणि दोन्ही नियम मिळून ठरवलेला कोन. गॅन्ट्री, ऑब्जेक्टिव्ह, प्राधान्य, ग्रिड, अल्गोरिदम सगळं तेच. फक्त कॉलिमेटर बदला. मधेच एखादं ऑब्जेक्टिव्ह घट्ट केलं तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही. तिन्ही प्लॅन एकाच कव्हरेजवर आणा, उदाहरणार्थ पीटीव्हीच्या ९५ टक्के भागाला पूर्ण डोस, आणि मग बघा.

मज्जारज्जूला कमाल ४५ ग्रे, ब्रेनस्टेमला ५४ ग्रे, एक लाळग्रंथी वाचवत असाल तर तिला सरासरी २० ग्रेच्या आत, दोन्ही असतील तर २५ च्या आत. या मर्यादा पाळल्या म्हणून थांबू नका. एकतर्फी गाठीत समोरची लाळग्रंथी याच्या कितीतरी खाली नेता येते, आणि कोनाचा फायदा नेमका तिथे दिसतो. कोरड्या तोंडाने भात-आमटीचा घासही गिळता न येणाऱ्या माणसासाठी तो फरक मोठा आहे.

डोस टार्गेटला किती घट्ट बसलाय ते पॅडिक निर्देशांकाने मोजा: डोसने व्यापलेल्या टार्गेटच्या आकारमानाचा वर्ग, भागिले टार्गेटचं आकारमान गुणिले त्या डोसचं एकूण आकारमान. टार्गेट २०० घन सेंमी, त्यातला १९२ व्यापला, एकूण डोस २२० घन सेंमीवर पडला, तर १९२ × १९२ ÷ (२०० × २२०) = ०.८४. एक म्हणजे परिपूर्ण. सोबत मॉनिटर युनिट लिहा. दोन प्लॅन डोसमध्ये सारखे असतील तर कमी मॉनिटर युनिटचा घ्या, त्यात गळती कमी आणि लीफच्या चिंचोळ्या फटीही कमी.

एकच प्लॅन पुन्हा ऑप्टिमाइझ केला तरी आकडे थोडे हलतात. म्हणून जिंकलेला प्लॅन शून्यापासून दुसऱ्यांदा चालवून बघा. दोन वेळांतला फरक कोनामुळे दिसलेल्या फरकाएवढाच असेल, तर कोनाचा फायदा झाला असं म्हणता येत नाही.

काय बिघडतं आणि कशामुळे

९५ टक्क्यांची रेषा एका ठिकाणी बोटासारखी बाहेर येते, आणि ते बोट लीफच्या दिशेत आहे. पायऱ्या मोठ्या पडल्यात किंवा जाड लीफ लागल्यात. कोन किंवा आयसोसेंटर बघा.

एका स्लाइसमध्ये अवयवावर पातळ पट्टा दिसतो, वरच्या-खालच्या स्लाइसमध्ये नाही. कॉलिमेटर ० च्या फार जवळ आहे.

टार्गेटच्या आत लीफला समांतर बारीक थंड रेघा. शेजारच्या लीफची कडा एकमेकींत अडकते तिथे दोन्ही बाजूंनी डोस अडतो, त्याला टंग अँड ग्रूव्ह म्हणतात. दोन आर्कचे कोन एकमेकांच्या फार जवळ असले की त्या रेघा एकावर एक पडतात.

मिटलेली जोडी जॉच्या आत उघड्यावर पडली की गोल टोकांमधून बरीच गळती होते. जॉ टार्गेटला घट्ट बसवा, जॉ ट्रॅकिंग (आर्कभर जॉ टार्गेटबरोबर सरकण्याची सोय) असेल तर चालू करा.

टार्गेटच्या एका टोकाला डोस कमी पडतो आणि कितीही प्राधान्य वाढवलं तरी भरत नाही. X जॉ १५ सेंमीहून मोठा आहे का बघा. लीफ तिथे पोहोचतच नसतील.

यंत्रावर नेण्याआधी

कॉलिमेटरचा कोन १ अंशाने चुकला तर आयसोसेंटरपासून ११ सेंमीवर लीफची कडा १.९ मिमी सरकते. लांब, तिरक्या टार्गेटमध्ये हे मोजण्याजोगं आहे. अमेरिकन फिजिसिस्टांच्या एएपीएम संघटनेच्या टीजी १४२ अहवालाप्रमाणे कोनाच्या आकड्याला १ अंशाची मुभा आहे, ती हद्द समजा, रोजचं उद्दिष्ट नव्हे. गॅन्ट्री ९० वर नेऊन हेडच्या सपाट कडेवर स्पिरिट लेव्हल ठेवली की ० आणि ९० लगेच तपासता येतात. पिकेट फेन्स चाचणी (लीफ ठरलेल्या जागी थांबतात का ते बघणारी) बहुतेकदा कॉलिमेटर ० वरच होते. जे कोन खरोखर वापरता, त्यावरही महिन्यातून एकदा करा, आणि गॅन्ट्री ९० व २७० वरही, कारण तिथे लीफचं वजन मोटरवर वेगळं येतं.

प्लॅनची चाचणी मोजून करा. त्याच संघटनेच्या टीजी २१८ अहवालाने २०१८ मध्ये डोसमध्ये ३ टक्के आणि जागेत २ मिमीच्या निकषावर ९५ टक्के बिंदू जुळावेत असं सुचवलं, आणि ९० च्या खाली गेलं तर प्लॅन थांबवून कारण शोधावं असं म्हटलं. टक्केवारी चांगली आली तरी न जुळलेले बिंदू कुठे आहेत ते बघा. ते सगळे मज्जारज्जूच्या कडेला एका ओळीत असतील तर ९६ टक्क्यांवरही समाधान मानू नका.

आपल्याकडच्या परिस्थितीत

राजापूर, गुहागर, मालवणकडचा रुग्ण सहा-सात आठवडे घरापासून लांब राहतो, कुणी मुंबईला, कुणी कोल्हापूरला, कुणी गोव्याला नातेवाइकांकडे. मधे वजन उतरतं, मास्क सैल होतो, मानेचा आकार बदलतो. नवीन सीटी आणि नवीन प्लॅन म्हणजे आणखी दोन-तीन दिवस. म्हणून दर आठवड्याला कोन-बीम सीटीवर त्वचेचा काठ प्लॅनच्या काठाशी ताडून बघा. मास्क आणि त्वचेत बोट जाऊ लागलं की वाट बघू नका. पुन्हा प्लॅन करताना कॉलिमेटरचा कोनही पुन्हा काढा. नोड आटला की खाचेचा आकार बदलतो, जुना कोन तसाच उचलू नका.

पावसाळ्यात खंड पडतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. मान-तोंड आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबले की गाठीवरचा ताबा सुटत जातो. बुडालेला दिवस भरून काढायला एका दिवसात दोन फ्रॅक्शन (उपचाराचे हप्ते) द्यायचे झाले तर मधे किमान ६ तास हवेत, आणि ते डॉक्टर ठरवतील. तेव्हा तीन आर्क आणि दोन तुकडे अशा प्लॅनने किंचित फायदा होत असेल, तर दोन आर्कचा प्लॅन निवडा. एका यंत्रावर दिवसाला जितके रुग्ण बसतात, तितक्यांतलाच एक जादा फ्रॅक्शन बसवायचा असतो. आर्क चालू असताना वीज गेली तर किती मॉनिटर युनिट दिले आणि कुठल्या गॅन्ट्री कोनावर थांबलं ते आधी नोंदवा, मग उरलेला भाग तिथूनच सुरू करा. आर्क पहिल्यापासून देऊ नका.

प्लॅनच्या छापील कागदावर कॉलिमेटरच्या आकड्याशेजारी एक ओळ लिहा: हा कोन का. "गॅन्ट्री ६० नंतर खाच मागे, मज्जारज्जू, म्हणून ७५." सहा महिन्यांनी तोच रुग्ण दुसऱ्या बाजूच्या नोडसाठी परत आला, तर पुढच्या फिजिसिस्टला जुना प्लॅन उघडून अंदाज बांधत बसावं लागणार नाही.